म्हाइंभटांची वही



परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली शाळकरी मुलांसाठी जुन्या मराठी कवितेतले वेचे निवडून 'नवनीत' सिद्ध केलं. पुढे किती तरी मराठी घरांत मोरोपंत आणि वामनपंडित पोहोचले ते या एका पुस्तकाच्या बोटाला धरून.

नागपुरात बसून ते चाळताना मला मात्र आपल्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरची आठवण येते. १३व्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून, विचारून, पारखून त्यांनी तिथे 'लीळाचरित्र' रचलं. हे मराठी गद्य तात्यांच्या हाती लागणं शक्यच नव्हतं. स्वामींच्या महानुभाव पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. २०व्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी त्यांतली एक लिपी उकलली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादलेलं 'लीळाचरित्र' तर १९७८ साली आलं. आपल्याच मातीतलं हे धन आपल्या मुलांपर्यंत पोहोचायला इतका काळ लागला.

२०१७च्या नववीच्या 'कुमारभारती'त चक्रधरस्वामींचा 'कीर्ती कठियाचा दृष्टांत' आला, तेव्हा मला फार आनंद झाला. पण वर्गात आपण काय करतो? आधी फळ्यावर शब्दार्थ लिहितो. पहिल्या ओळीआधीच मुलांच्या मनात बसतं, हे काहीतरी अवघड आहे.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुस्तकं मिटवा आणि नुसतं वाचून दाखवा, सावकाश, दोनदा. या लीळा आधी सांगितल्या-ऐकल्या गेल्या, मग लिहिल्या गेल्या. आंधळे हत्ती चाचपतात तो दृष्टांत घ्या. पाय हाती लागला तो खांब म्हणतो, कान लागला तो सूप म्हणतो. ज्या घरात आजी अजून तांदूळ पाखडते, तिथल्या मुलाला सूप समजावून सांगावं लागत नाही. अडलेल्या शब्दाचा अर्थ मुलं स्वतःहून विचारतात, आणि तेव्हा सांगितलेला अर्थ लक्षात राहतो.

त्यानंतर मी मुलांना म्हाइंभटांचं काम देते. घरातल्या वडीलधाऱ्यांची एक आठवण विचारायची, आणि त्यांचा शब्द न बदलता लिहायची. गेल्या वर्षी एका वहीत आजीचं 'मले', 'तुले' जसंच्या तसं उतरलं होतं. त्या पानाला मी लाल शाई लावली नाही. ते वर्गात मोठ्यानं वाचलं.