तिजोरीच्या दोन चाव्या

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला निवृत्त माणूस. तरी समितीने मला उभं केलंय, कारण 2021 च्या एप्रिलमध्ये आमची ही कोविडने अकरा दिवस आयसीयूत होती.

तिसऱ्या दिवशी संमतीपत्र पुढे आलं : 'सेंट्रल लाइन टाकायची आहे.' जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या. त्या दिवशी माझीच सही मला ओळखू येईना.

डॉक्टरांनी समजावलं. घसरलेला रक्तदाब सावरणारं औषध हाताच्या बारीक शिरेतून फार वेळ देणं धोक्याचं. शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस मरू शकतं. म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेतून नळी हृदयाजवळ नेतात. पण ज्या वाटेने औषध जातं, त्याच वाटेने जंतूही थेट रक्तात शिरू शकतात. आधीच संसर्गाने खचलेल्या माणसाला हा दुसरा घाव.

माझी भाची नर्स आहे. ती फोनवर म्हणाली, "मामा, रोज एकच विचारा : नळीची गरज अजून आहे का?"

तिच्याकडूनच कळलं की अमेरिकेत मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच साध्या गोष्टींवर भर दिला. हात धुणे, टोपी, मास्क, गाऊन घालून रोग्यावर पूर्ण निर्जंतुक चादर, क्लोरहेक्झिडिनने त्वचा साफ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे. पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरांनाही थांबवायचं. 2006 साली निष्कर्ष छापून आले : नळीमुळे होणारा रक्तातला संसर्ग 66 टक्क्यांपर्यंत घटला होता.

मला आमची तिजोरी आठवली. एक चावी मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. त्यात कुणावर अविश्वास नसतो. चूक कुणाच्याही हातून होते, एवढंच.

मी भीतभीतच रोज विचारायचो. आठव्या दिवशी उत्तर आलं, "रक्तदाबाचं औषध बंद केलंय, नळी आजच काढतो." माझ्या विचारण्याने काढली असं मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून विचारायची लाज गेली.

ती आज समोर पहिल्या रांगेत बसली आहे. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. आलीच, तर डॉक्टरांशी भांडू नका; नम्रपणे, पण रोज विचारा. दुसरी चावी आपल्याकडे असते.