अंगणातील पोहण्याचा हौद : पाण्याची निगा व घरगुती साधने

(प्रतापनगर, वडोदरा येथे मराठी भाषिक नागरिकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाण्याविषयी बोलावयाचे आणि तेही वडोदऱ्यात, म्हणजे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचे स्मरण प्रथम झाले पाहिजे. त्यांच्या कारकिर्दीत बांधलेल्या आजवा सरोवराचे पाणी १८९२ मध्ये या शहरास मिळू लागले. आज आजव्याच्या जोडीस मही नदीच्या पात्रातील विहिरींचेही पाणी येते. सरोवराचे पाणी निमेटा येथे निवळून, गाळून व क्लोरीन देऊन आपल्या नळापर्यंत पोहोचते. तेच पाणी अंगणातील हौदात साठविले की मात्र त्याच्या शुद्धतेची जबाबदारी गृहस्थावर येते. आजचा विषय एवढाच आहे.

वडोदऱ्याचा उन्हाळा आपण सर्व जाणता. मुलांसाठी परसात लहानसा हौद बांधणे किंवा प्लास्टिकचा तयार हौद आणून भरणे आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. पहिल्या दिवशी पाणी नितळ असते. आठवड्यात ते गढूळ होते आणि पंधरवड्यात त्यावर हिरवी झाक येते. पाणी फेकावे तर जीव हळहळतो, आणि यंत्रे बसवावी तर खर्च परवडत नाही. अशा वेळी तुरटी, खाण्याचा सोडा आणि ब्लीचिंग पावडर या तीन स्वस्त वस्तूंनी पुष्कळ काम होते. अट एकच : त्या योग्य क्रमाने व योग्य मापाने वापरल्या पाहिजेत.

प्रथम माप पाहू. ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि १ मीटर खोल पाणी असलेल्या हौदात १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी मावते. पुढील सर्व प्रमाणे या हौदासाठी आहेत. आपला हौद लहान असल्यास त्या मानाने ती कमी करावीत.

पाणी निवळण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. निवळीचे बी घासून घागरीत फिरविण्याची व तुरटीचा खडा फिरविण्याची रीत आपल्या आजीपणजींना ठाऊक होती. पाण्यातील सूक्ष्म मातीचे कण एकमेकांस दूर लोटतात, म्हणून ते तळाशी बसत नाहीत. तुरटीमुळे हे कण एकत्र येतात, त्यांचे जड पुंजके बनतात आणि ते खाली बसतात. किती तुरटी लागेल हे मात्र पाण्याच्या गढूळपणावर अवलंबून असते. ते ठरविण्याची सोपी रीत अशी : १ लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवावी. हौदातील प्रत्येकी १० लिटर पाण्याच्या तीन बादल्या भरून त्यांत या द्रावणाचे अनुक्रमे २०, ४० व ६० मिलिलिटर घालावे. मिनिटभर जोराने व नंतर दहा मिनिटे हळू ढवळून पाणी स्थिर ठेवावे. ज्या बादलीत सर्वांत कमी तुरटीने पाणी नितळ झाले, ते आपले प्रमाण. बादलीस ४० मिलिलिटर लागले असतील, तर १०,००० लिटरच्या हौदास ४०० ग्रॅम तुरटी लागेल. ती विरघळवून हौदात सर्वत्र मिसळावी, पाणी रात्रभर हलू देऊ नये, आणि सकाळी तळाचा गाळ नळीने ओढून बाहेर टाकावा.

तुरटीचा एक दोष असा, की ती पाण्याचा आम्लपणा वाढविते. बोअरच्या जड पाण्यास हे सहज सोसते. पावसाच्या अथवा मऊ पाण्यास सोसत नाही. अशा पाण्यात तुरटीच्या सुमारे निम्म्या वजनाइतका खाण्याचा सोडा घातला, म्हणजे गेलेले संतुलन परत येते. बाजारात मिळणाऱ्या कागदी पट्ट्यांनी पाण्याचा सामू तपासावा. तो ७.२ ते ७.८ या दरम्यान असावा. तो याहून खाली असेल तर ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून घालावा व काही तासांनी पुन्हा मोजावे. सामू फार चढला असेल तर काही पाणी काढून ताजे पाणी भरावे. लिंबू वा सिरका घालण्याचा मोह टाळावा. त्याने क्लोरीन मात्र वाया जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नितळ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. तुरटी गाळ बसविते. सर्व जंतू मारीत नाही. २०२४ मध्ये केरळात गोड्या पाण्यातील अमीबाने होणाऱ्या मेंदूच्या आजाराने लहान मुले दगावली. हा जीव उबदार, साचलेल्या पाण्यात वाढतो व नाकावाटे शरीरात शिरतो. असा आजार विरळा असला तरी त्यातून वाचणे कठीण असते. पाण्यात पुरेसे क्लोरीन सतत राखणे हा त्यावर सोपा उपाय आहे.

ब्लीचिंग पावडर ही स्वस्त वस्तू आहे, पण हलक्या दर्जाची नव्हे. अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराने १९०८ मध्ये आपल्या संपूर्ण पाणीपुरवठ्यास क्लोरीन देण्यास आरंभ केला, तो याच पावडरीच्या साहाय्याने. पावडरीत २५ टक्के उपयुक्त क्लोरीन आहे असे धरल्यास आपल्या हौदास पहिल्या वेळी सुमारे २०० ग्रॅम पावडर लागेल. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात ती कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी हौदात ओतावे. हे काम सूर्यास्तानंतर करावे, कारण उन्हात क्लोरीन झपाट्याने उडून जाते. सामूचे महत्त्व येथेही आहे : सामू ७.५ असता जवळजवळ निम्मे क्लोरीन प्रभावी रूपात असते; तो ८.५ झाला की जेमतेम दहावा हिस्सा उरतो. दुसऱ्या दिवशी तपासणी संचाने क्लोरीन मोजावे. लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आढळल्यासच मुलांना उतरू द्यावे. पुढे रोज सायंकाळी मोजून, कमी भरेल तेवढेच घालावे.

एक धोक्याची सूचना मी मुद्दाम देत आहे. ब्लीचिंग पावडर आणि न्हाणीघर साफ करण्याचे आम्ल ही दोन्ही पुष्कळ घरांत एकाच फळीवर असतात. ती कधीही एकत्र करू नयेत. एकाच बादलीत मागाहूनही वापरू नयेत. त्यांच्या संयोगाने निघणारा वायू म्हणजे एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियमच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेला तोच क्लोरीन वायू होय. पावडर कोरड्या जागी, घट्ट झाकून व मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. नेहमी पाण्यात पावडर टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये.

घरगुती उपायांची मर्यादाही ओळखली पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला, तो आपण विसरला नसाल. पुराचे अथवा गटाराचे पाणी ज्या हौदात शिरले, तेथे तुरटी-पावडरीचा हिशेब मांडू नये. हौद रिकामा करून, घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुऊन नव्याने भरावा. प्लास्टिकचा छोटा हौद तर रोज रिकामा करून ते पाणी झाडांना द्यावे. त्यास औषधाची गरजच नाही, आणि डासांनाही थारा मिळत नाही.

शेवटी एक सोपी परीक्षा सांगतो. हौदाच्या तळाशी डब्याचे एक काळे झाकण टाकून ठेवा. काठावर उभे राहून ते स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी कोणासही पाण्यात उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात झाकण दिसत नाही, तसेच बुडणारे मूलही दिसत नाही. पाणी नितळ असले तरी काठावर मोठे माणूस हवेच. पाण्याची निगा राखावयाची ती शोभेसाठी नव्हे, त्यात खेळणाऱ्या मुलांसाठी, एवढे ध्यानी ठेवावे अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.