वायर पुसणारे हात

(युवक शिबिरातलं भाषण)

मला सिनेमावर बोल म्हणून सांगितलंय. मी समीक्षक नाही. सहा वर्षं मी मुंबईच्या एका उपनगरात, एसी हॉलमध्ये बसून हॉलिवूडच्या वायरी पुसल्या. बोलायचा हक्क आहे तो तेवढ्यापुरता.

पडद्यावर सुपरहिरो उडतो, पण तो उडत नसतो. कमरेला पट्टा, पट्ट्याला वायर आणि गडी लटकलेला. ती वायर कॉम्प्युटरवर पुसायची आणि मागचं आभाळ पुन्हा भरायचं. सेकंदाला चोवीस फ्रेम. दहा सेकंद उडाला की दोनशे चाळीस. पलीकडच्या रांगेतली पोरं रोटो करायची, म्हणजे माणसाची कड केसांसकट एकेका फ्रेममधून कापून काढायची. काम चोख झालं तर कुणाला दिसत नाही. चुकलं की अख्ख्या जगाला दिसतं.

आता हे देव पडायला लागलेत. २०१९ ला मार्व्हलच्या 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'नं जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर ओढले. मालकांना वाटलं, खाणच सापडली. वर्षाला तीन-चार सिनेमे, वर २०२१ पासून घरबसल्या बघायच्या मालिका. उपसा सुरू! २०२३ ला 'द मार्व्हल्स' जेमतेम २०.६ कोटींवर थांबला. मार्व्हलच्या त्या साखळीतला हा सगळ्यात कमी धंदा. त्याच वर्षी 'अँट-मॅन'च्या तिसऱ्या भागातल्या इफेक्ट्सवर समीक्षकांनी कोरडे ओढले. वॉर्नरचा 'द फ्लॅश' आपटला. पहिल्या 'जोकर'नं १०० कोटींवर धंदा केला होता, २०२४ चा दुसरा वीस कोटींच्या आसपास बसला.

पेपरवाले म्हणतात, पब्लिक कंटाळलं. मग २०२४ लाच 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' १३० कोटींवर कसा गेला? २०२५ च्या 'थंडरबोल्ट्स'ला समीक्षकांनी चांगलं म्हटलं, तरी तो ३८ कोटींच्या आसपासच का राहिला? आणि २०१८ चा 'ब्लॅक पँथर'? तुमच्यातल्या कितीजणांनी तो दोनदा पाहिलाय, हात वर करा. बघा! रायन कूगलरनं तो ओकलंडच्या वस्तीतून सुरू केला. १९६६ ला ब्लॅक पँथर पार्टी जन्मली तेच ओकलंड. त्या सिनेमाच्या पोटात एक प्रश्न होता. लोक आले, १३० कोटींवर आले. तेव्हा 'पब्लिक कंटाळलं' हे मालकाच्या सोयीचं उत्तर आहे.

हे आजचंही नाही. १९७८ च्या 'सुपरमॅन'नं माणूस उडतो हे लोकांना पटवलं. १९८७ ला चौथा भाग कॅनन नावाच्या कंपनीनं काढला. ख्रिस्तोफर रीव्ह अण्वस्त्रांविरुद्धची गोष्ट करायला मिळते म्हणून आला. हेतू चांगलाच होता हो! पण कंपनीनं बजेट निम्म्यावर आणलं. न्यूयॉर्क म्हणून इंग्लंडातलं मिल्टन कीन्स दाखवलं. उडण्याचा एकच शॉट पुन्हा पुन्हा चिकटवला. लोक हसले. अमेरिकेत पहिल्यानं १३ कोटी डॉलर आणले होते, ह्यानं दीड कोटीच्या आसपास. पुढं एकोणीस वर्षं सुपरमॅनचा नवा सिनेमा नाही. हातांच्या कामाचे पैसे कापले की देव जमिनीवर येतो.

आणि पडल्यावर खापर कुणावर? 'द मार्व्हल्स'ची दिग्दर्शक निया डकोस्टा, काळी बाई. नटांचा संप मिटला आणि दुसऱ्याच दिवशी सिनेमा लागला, म्हणजे नटांना प्रचारही करता आला नव्हता. तरी डिस्नेचा तेव्हाचा मुख्य बॉब आयगर जाहीरपणे म्हणाला की सेटवर वरच्या अधिकाऱ्यांची देखरेख कमी पडली. म्हणजे मुकादम कमी पडले! माल जास्त काढला हेही त्यानं पुढं कबूल केलं. पण त्या जास्तीच्या मालासाठी जागरणं कुणी केली, ते कोण बोलणार?

ते मी सांगतो. काम ठरलेल्या रकमेवर उचललं जातं. तिकडं सीन बदलला की इकडं पहाटे मेल येतो. तीन आठवड्यांचं काम कचऱ्यात, तारीख मात्र तीच. रक्कम वाढत नाही, आमचे तास वाढतात. माझ्या ओव्हरटाइमला पिझ्झा मिळायचा. एकदा आईला घेऊन थिएटरात गेलो. शेवटची नावं सरकायला लागली, म्हातारी दिवे लागेपर्यंत बसली. "तुझं कुठंय रे?" मी म्हटलं, "कंपनीचं आलं ना." ती काही बोलली नाही.

२०२२ ला वॉर्नरनं 'बॅटगर्ल' हा जवळपास झालेला सिनेमा कायमचा डब्यात घातला. सुमारे ९ कोटी डॉलर खर्चलेले. करात सूट मिळते म्हणून, अशा बातम्या आल्या. मालकाला पडलेल्या सिनेमाचाही फायदा घेता येतो. आम्हाला? तिकडचे सिनेमे कमी झाले आणि आमच्या हॉलमधल्या चाळीस खुर्च्या एका शुक्रवारी रिकाम्या झाल्या. त्यात माझी एक.

म्हणून दोस्तहो, हॉलिवूडचे देव पडले म्हणून टाळ्या वाजवू नका. ते आपल्या अंगावर पडतात.

सप्टेंबर २०२३ ला अमेरिकेत खुद्द मार्व्हलच्या इफेक्ट्स कामगारांनी युनियनसाठी मत दिलं. एकही मत विरोधात नव्हतं. जगाला वाचवणाऱ्या हिरोंच्या कारखान्यात कामगारांना वाचवायला कामगारच उठले. पण ती युनियन तिथल्या पगारी लोकांची. आमच्या हॉलपर्यंत ती पोचत नाही. इथं आपल्यालाच उभं राहायला लागेल.

तुमच्यातले पुष्कळ जण ॲनिमेशनचे कोर्स करताय, घरच्यांनी कर्ज काढून फी भरलीय. नोकरी धरताना नेमणुकीचा कागद हातात घ्या. तास लिहून घ्या. ओव्हरटाइमचे पैसे मागा, पिझ्झा नको. एकट्यानं मागाल तर बाहेर काढतील, म्हणून रांगच्या रांग उठून मागा. शेवटी नावं सरकतात तिथं आपलं नाव मागा.

भाषण संपल्यावर मी दाराशी वही घेऊन बसतोय. या कामातले जे असतील त्यांनी नाव लिहून जा.