वजाबाकीचा रकाना
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



नववीतला अंतर-काल आलेखाचा तास ज्यांना आठवतो, त्यांनी आत्ताच हसून घ्या. सरांनी फळ्यावर रेषा काढली. आधी चढती, मग आडवी, मग पुन्हा चढती. "ही बस काय करतेय?" मी हात वर करून सांगितलं, "घाट चढते, सपाट रस्त्यावर धावते, पुन्हा घाट चढते." वर्ग हसला. सर नाही हसले. म्हणाले, "आडव्या रेषेवर वेळ पुढे जातोय. अंतर वाढतंय का?" नव्हतं वाढत. बस थांब्यावर उभी होती आणि मी तिला पळवत होते!

मग सरांनी तक्ता करायला लावला. दर सेकंदाला पडणाऱ्या दगडाचं अंतर: 0, 5, 20, 45, 80 मीटर. शेजारी वजाबाकीचा रकाना: 5, 15, 25, 35. त्याची पुन्हा वजाबाकी केली, तर सगळीकडे 10. पाठ केलेलं त्वरण पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

पुढे मी बसगाड्यांचा माग ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर काम करत होते. एका चालकाच्या वेग-काल आलेखात ताशी 108 किलोमीटरचा सुळका दिसला. मर्यादा 60 ची. त्याचा दोन दिवसांचा पगार कापला गेला. "मॅडम, ही गाडी एवढी पळतच नाही हो," तो म्हणाला. मी त्याला पडद्यावरचा आलेख दाखवला. आलेख माझ्याच प्रोग्रॅमने काढलेला, त्यामुळे माझा त्यावर जरा जास्तच विश्वास.

घरी आले तरी त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. रात्री मूळ तक्ता उघडला. अंतर: 0, 300, 600, 900, 1200 मीटर. वजाबाकी प्रत्येक वेळी 300. वेळ मात्र 0, 30, 60, 110, 120 सेकंद. बाकी सगळीकडे 30 सेकंदांचा फरक, इथेच 50 आणि 10. म्हणजे गाडी आधी ताशी 21.6 वर आली आणि लगेच 108 वर गेली? भरलेली बस?

900 मीटरची नोंद 90 व्या सेकंदाचीच होती. नेटवर्क नसल्याने ती आमच्याकडे 20 सेकंद उशिरा पोचली आणि मी नोंद घेतल्याची वेळ न धरता नोंद पोचल्याची वेळ धरली होती. 110 च्या जागी 90 घातले. बस पहिल्यापासून शेवटपर्यंत ताशी 36 ने चालली होती. चूक चालकाची नव्हती, माझ्या एका ओळीची होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांना तक्ता दाखवला, तेव्हा सुळका बघून होकार देणाऱ्या त्यांना वजाबाकी समजवायला अर्धा तास लागला. पैसे परत मिळाले. मी माफी मागायला पार्किंगमध्ये गेले. "मी सांगत होतो ना मॅडम," एवढंच तो म्हणाला आणि त्याने गाडी काढली.