मोठा कुत्रा घरी आणताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार वर्षांपूर्वी आमच्या घरी भोलू आला, तेव्हापासून आपल्यापैकी अनेकींनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "एवढा मोठा, तोही बिनजातीचा कुत्रा कशाला आणलात?" आज सर्वांना एकदमच उत्तर देते.

भोलू बत्तीस किलोंचा आहे. कान अल्सेशियनचे, जबडा लॅब्रॅडॉरचा आणि पाय आपल्या गावठी कुत्र्याचे! पिल्लू असताना कुणीतरी हौसेने आणला. आकार वाढला तशी हौस ओसरली आणि त्याला हमरस्त्यावर सोडून मंडळी निघून गेली. आश्रयगृहातून लहान, गोजिरवाणी पिल्ले भराभर घरोघरी जात होती. हा मात्र वर्षभर जाळीशी बसून होता. त्याचा अपराध एवढाच, की तो मोठा झाला.

पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा रीतीने विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी राज्यसभेत आवाज उठविला तो रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. महिला मंडळात हे नाव आदराने घेतले पाहिजे.

पण भगिनींनो, नुसती दया पुरत नाही. मोठा कुत्रा सकाळ-संध्याकाळ फिरवावा लागतो, मग पाऊस असो की पाहुणे. त्याची दोरी धरण्याचे बळ घरात निदान दोघांच्या हातांत हवे. खाण्याचा आणि औषधाचा खर्च वजनाबरोबर वाढतो. पोटभर जेवल्यावर लगेच त्याला पळवू नये, पोटाला पीळ पडून जीव जाऊ शकतो. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासमान; तेव्हा उरलेली कांद्याची भाजी त्याच्यापुढे टाकू नका. नवा कुत्रा पहिले काही दिवस बावरलेला असतो. घर आपले वाटायला त्याला महिनेही लागतात. भोलू पहिले आठ दिवस पलंगाखालून बाहेर आला नाही. आम्ही त्याला ओढून काढले नाही, एवढेच केले.

आता शेजाऱ्यांविषयी. शेजारच्या आजींना कुत्र्याची भीती वाटते. त्या भीतीला हसणे मला मान्य नाही. म्हणून जिन्यात भोलू नेहमी आखूड दोरीने माझ्या डाव्या हाताला चालतो, आजी दिसल्या की आम्ही दोघे थांबतो आणि त्यांना आधी जाऊ देतो. त्याची घाण मी स्वतः उचलते. रेबीजची लस दरवर्षी टोचून घेते आणि तिचा दाखला मागेल त्याला दाखविते. कुणालाही कोणताही कुत्रा चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावीत बसू नये. हा रोग एकदा उमटला, की बहुधा जीव घेतल्याशिवाय राहत नाही; वेळेवर घेतलेली लस मात्र तो टाळते.

नामदेवमहाराज भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. तूप कुत्र्याला फारसे मानवत नाही, ही गोष्ट अलाहिदा! पण गोष्ट सांगून झाल्यावर दारातल्या जिवाशी आपण कसे वागतो, तेही मुले पाहत असतात.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. घरातल्या एकाचाही मनापासून नकार असेल, तर कुत्रा आणू नका; नको असलेल्या घरात तो पुन्हा रस्त्यावरच येतो. सर्वांचा होकार असेल, तर विकत घेण्याआधी एकदा आश्रयगृहात जा. मोठ्या वयाच्या कुत्र्याचा आकार आणि स्वभाव दोन्ही समोर दिसतात, पुढे फसगत होत नाही. आणि जाताना पुढच्या पिंजऱ्यापाशीच थांबू नका; मागच्या बाजूला कोण बसले आहे, तेही पाहा.