जिन्यातल्या गप्पा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



आपण इथे राहायला आलो तेव्हा टँकर आला की सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली उतरायची. त्या रांगेतच आपल्या ओळखी झाल्या. आता पाणी नळाला येतं, २०१६ साली पनवेलची महानगरपालिकाही झाली. पण शेजारचा मुलगा चार दिवस दिसला नाही, तर ते आपल्या लक्षात येत नाही. आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण हा विषय माझ्या घरातला आहे आणि मी तो मुलाच्या परवानगीने मांडते आहे.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी त्याचे चार विषय राहिले. आम्हाला त्याने सांगितलं नाही. रोज डबा घेऊन कॉलेजला निघायचा. एकदा तळमजल्यावरच्या काकांना तो सकाळी अकरा वाजता वडाळे तलावाकाठी एकटाच बसलेला दिसला. काकांनी ना झाडाझडती घेतली, ना आम्हाला लगेच फोन केला. शेजारी बसले, चहा पाजला, बरोबर घेऊन आले. मग दोन-तीन संध्याकाळी जिन्यात बसून गप्पा झाल्या. तिसऱ्या दिवशी काकांनी सरळ विचारलं, "जीव नकोसा झालाय का रे? मरावंसं वाटतं?" तो म्हणाला, "हो."

काका म्हणाले, "हे मी तुझ्या आईपासून लपवणार नाही. पण तुला एकट्याला सांगायला लावणार नाही. चल, मी येतो."

रात्री नऊला दोघं दारात उभे. मी शिक्षिका, आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं सांभाळली. आणि माझं पहिलं वाक्य काय होतं? "आम्ही तुला काय कमी केलं?" काका म्हणाले, "वहिनी, आधी त्याचं ऐकून घ्या." दुसऱ्या दिवशी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. औषधं झाली, समुपदेशन झालं, एक वर्ष गेलं. मुलगा राहिला. आज हा माईक त्यानेच जोडला आहे.

असं विचारलं की मुलाच्या डोक्यात नको ते येईल, ही भीती आपल्याला वाटते. तज्ज्ञ सांगतात, तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलाला हलकं वाटतं. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यातले २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. १३,०४४ विद्यार्थी होते. कारण कधीच एक नसतं. निकाल हे निमित्त असतं, त्यामागे आजार, एकटेपणा, घरातले ताण, प्रेमभंग असं बरंच साचलेलं असतं. म्हणूनच मधे कोणीतरी हात धरला तर वेळ टळू शकते.

मदत आहे, ती माहीत हवी. सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून काम करते आहे. आणि पोलीस केसच्या भीतीने कोणी लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मानलं जातं. तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत असं कायदा सांगतो.

आता आपल्या सोसायटीपुरतं बोलते. निकालाच्या दिवशी लिफ्टमध्ये "किती टक्के?" विचारणं बंद करू या. ग्रुपवर मार्कांचे फोटोही नकोत. बोर्डानेसुद्धा २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा लगेच जुलैत घेऊन मुलांचं वर्ष वाचवायला सुरुवात केली. बोर्ड बदललं, आपणही बदलू. १४४१६ हा नंबर नोटीस बोर्डावर आणि लिफ्टमध्ये लावू. मूल बोलेनासं झालं, जेवण-झोप बिघडली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, "मी नसलो तर बरं" असं म्हणालं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आपल्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि जे कळेल त्याची बिल्डिंगभर चर्चा नको.

मुलांनो, आईबाबांना सांगवत नसेल तर आमच्यापैकी कुणाचीही बेल वाजवा. रात्री दोनलासुद्धा. टक्के कोणी विचारणार नाही. आधी चहा ठेवू, मग ऐकू.



— सोसायटीतील एक सभासद, निवृत्त शिक्षिका