पाहुण्यांचे कडवे, यजमानांचे उत्तर



आमच्या अकोल्यात, आमच्या जठारपेठेत आपले मनापासून स्वागत. साहित्यिकांची सरबराई या शहराला नवी नाही. 1912 साली हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इथेच भरले होते. आज त्याच गावात हायकूसाठी, तीन ओळींच्या कवितेसाठी इतकी माणसे जमली, याचा मला अभिमान वाटतो.

हायकूच्या परंपरेत यजमानाला मोठा मान आहे. जपानमध्ये कवी एकत्र बसून साखळी-कविता रचत. तिचे पहिले कडवे, म्हणजे होक्कू, रिवाजाने मुख्य पाहुण्याचे असे. त्यात चालू ऋतूचा उल्लेख हवाच आणि त्या जागेला, त्या घराला केलेला नमस्कारही असे. मग यजमान तोच ऋतू सांभाळून दुसरे कडवे जोडी. पुढे होक्कू साखळीतून सुटे झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी यांनी त्यासाठी हायकू हे नाव रूढ केले. निसर्ग आणि शेजारी बसलेला कवी, या दोघांवाचून हायकू जन्मालाच आला नसता.

जपानी कवी बाशोचे (1644–1694) उदाहरण घ्या. एका शिष्याने दिलेले केळीचे रोप त्याच्या झोपडीपाशी वाढले आणि त्या केळीवरूनच त्याने आपले नाव घेतले. 1689 मध्ये तो सोरा या शिष्याला घेऊन उत्तरेच्या लांबच्या प्रवासाला पायी निघाला. वाटेत ओबानाझावा या गावी तो सेइफू या कवीकडे काही दिवस राहिला. हा सेइफू व्यापारी होता, करडईच्या फुलांचा. या फुलांपासून तिकडे लाल रंग काढीत. रब्बीत फुललेली करडई वऱ्हाडच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. त्या मुक्कामातही कवींच्या बैठकी झाल्या. बाशोने या प्रवासाचे वर्णन लिहिले; त्याच्यानंतरच्या बुसोन या कवीने त्या वर्णनाची चित्रे काढली आणि बुसोनची थोरवी शिकींनी नव्याने लोकांपुढे मांडली. एका कवीने दुसऱ्याला दिलेला हा वारसा आहे.

मराठीत हा वारसा शिरीष पै (1929–2017) यांनी आणला. आचार्य अत्र्यांची ही लेक स्वतः समर्थ कवयित्री होती. पाच-सात-पाच अशा सतरा मात्रांचा काटेकोर हट्ट न धरता त्यांनी तीन ओळी आणि त्यांतल्या दोन ओळींचे यमक असा मराठी कानाला रुचणारा घाट दिला. 'ध्रुवा', 'हेच हायकू' यांसारख्या संग्रहांनी पुढच्यांची वाट सोपी केली. परक्या मातीतला काव्यप्रकार आपलासा कसा करावा, हे वऱ्हाडला ठाऊक आहे. 1932 साली अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी गझल मराठीत रुजवली आणि नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून ती पुढच्या हातांत दिली.

मित्रहो, जपानी कवींकडे ऋतुसूचक शब्दांचे कोश असतात. असा कोश वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याचा पावसाळा नक्षत्रांवर चालतो. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूंचा, पूर्वांचा सुनांचा! पहिल्या पावसानंतर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा, तिफन, डवरणी, पोळा, फुटलेले बोंड, वेचणीच्या आरंभीची सीतादही, हुरडा, उलंगवाडी झालेली पऱ्हाटी, पळस आणि वैशाखातले ऊन, यांतला एकेक शब्द उच्चारला की अख्खा ऋतू उभा राहतो. हायकूला हवे असते ते हेच. चेरीचा बहर न पाहताच त्याच्यावर लिहिण्याचे आपल्याला कारण नाही.

निसर्ग म्हणजे केवळ देखणेपण, असेही मी मानत नाही. मृग कोरडा जातो, पेरणी मोडते, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असूनही ते पिववत नाही. आमच्या मोर्णा नदीचे पात्रही आपल्या डोळ्यांसमोर आहे. जपानी कवी इस्साने (1763–1828) गोगलगाय, माशी, चिमणी यांच्यावर लिहिले, त्यात त्याच्या गरिबीचे आणि लेकरांच्या मृत्यूचे दुःखही होते. तीन ओळींत एवढे मावते. जे पाहिले तेच लिहावे, त्यावर भाष्य लादू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते.

स्वागत समितीच्या वतीने माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, या संमेलनात दुसऱ्याचा एक तरी हायकू मनापासून ऐका आणि त्याला आपल्या हायकूने उत्तर द्या. टाळ्यांपेक्षा ते उत्तर कवीला अधिक देऊन जाते. दुसरी, आपापल्या गावचे ऋतूंचे शब्द, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, लिहून आणा. त्यांतून मराठी हायकूचा आपला ऋतुकोश उभा करू. हे शब्द जाणणारी पिढी वयाने थकत चालली आहे, म्हणून हे काम आजच सुरू झाले पाहिजे.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर हक्काने सांगा, आमचे कार्यकर्ते आपल्या सेवेला आहेत. पहिले कडवे आता आपण पाहुण्यांनी म्हणावे. दुसरे जोडायला अकोलेकर तयार आहेत. आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करतो आणि संमेलनाध्यक्षांना पुढील कार्यक्रमाची सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.